भिंगरीच्या रक्तातला आकडा

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक महोदय. वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. जिथे बसायला अजूनही संकोच करताहेत त्या मधल्या खुर्चीतल्या सत्कारमूर्ती, मुलांच्या अ‍ॅलर्जी विभागाच्या प्रमुख, आपल्या सगळ्यांच्या डॉक्टरबाई. उद्यापासून त्यांचं काम हाती घेणारे तरुण डॉक्टर. विभागातल्या सिस्टर, मावशी आणि मदतनीस मंडळी. समोर बसलेले आईबाबा, आजीआजोबा. आणि आतापर्यंत कमालीच्या शहाणपणाने बसलेली आमची चिल्लीपिल्ली, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

पालकांच्या वतीने बोलण्याचा मान मला दिला, याबद्दल आयोजकांचा मी ऋणी आहे. इतके शिकलेसवरलेले पालक असताना एका बेकरीवाल्याला का उभं केलं असेल? बेकरीवाल्यांच्या संघाचा मी बरीच वर्षं चिटणीस आहे, आणि माइक दिसला की माझे पाय आपोआप तिकडे वळतात, ही ख्याती बहुधा इथवर पोचली असावी. अधीक्षकसाहेबांनी मघाशी हळूच घड्याळाकडे पाहिलं, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. साहेब, मी फार ताणणार नाही. आमच्या धंद्यात वेळ चुकली की माल करपतो.

माझी मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. ती इथेच मागच्या बाजूला मैत्रिणीजवळ बसली आहे आणि निघताना मला बजावून बसली आहे की, बाबा, माझ्याबद्दल जास्त बोलायचं नाही. भिंगरे, माफ कर. तुला वगळून बाईंबद्दल बोलायचं तर माझ्याजवळ काय आहे?

तिचा पहिला वाढदिवस तोंडावर आला होता. एके सकाळी तिच्या आईने तिला मऊ उकडलेल्या अंड्याचा एक घास भरवला. घास पुरता गिळलाही नसेल, तोच तिचे ओठ सुजायला लागले, अंगभर गांधी उठल्या, उलटी झाली, आणि मग ती माझ्या खांद्यावर अगदी मलूल झाली. रडत होती ती रडायचीही थांबली. जवळच्या दवाखान्यात नेलं, इंजेक्शन दिलं, आणि थोड्या वेळाने तिने डोळे उघडून माझ्या नाकाला हात लावला. आजही तो दवाखाना रस्त्यात आला की मी मनातल्या मनात हात जोडतो.

मग रक्त तपासलं. अ‍ॅलर्जीच्या मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं मोजतात, अँटीबॉडी म्हणतात त्यांना. रिपोर्ट आला. अंड्यापुढे मोठा आकडा होता, तो असणारच होता. पण त्याच कागदावर दुधापुढे आणि गव्हापुढेही आकडे होते, ठळक छापलेले. आम्हांला सांगण्यात आलं, तिन्ही बंद करा. ज्यांनी सांगितलं त्यांना मी दोष देत नाही. नुकतंच जिवावरच्या दुखण्यातून उठलेलं लेकरू समोर असताना, ‘घाला खायला, बघू काय होतं,’ असं कोण म्हणेल?

अंडी, दूध आणि गहू. मंडळी, या तीन वस्तू काढून घेतल्या तर बेकरीत काय उरतं? भट्टी आणि मी.

हसायला हरकत नाही, आता आम्हीही हसतो. तेव्हा हसू येत नव्हतं. आमचं घर बेकरीच्याच वर. बेकरीत पीठ फक्त पोत्यात नसतं. ते जिन्यावर असतं, दाराच्या कडीवर असतं, माझ्या भुवयांत असतं. भिंगरीची आई दिवसातून कितीदा फरशी पुसायची याला गणतीच नव्हती. पुसून उठायची तो दुसऱ्या कोपऱ्यात पांढरा थर दिसायचा. शेवटी एक दिवस ती म्हणाली, “अहो, मी हिला घेऊन आईकडे राहते.” भांडण नव्हतं, रुसवा नव्हता. पण घर दोन ठिकाणी झालं ते झालं.

मी संध्याकाळी बेकरी बंद करून, डोक्यावरून आंघोळ करून सासुरवाडीला जायचो. तिथे दाराशीच माझे वेगळे कपडे ठेवलेले असायचे. ते चढवले की मग आत. जावयाचा असा पाहुणचार तुमच्यापैकी कुणाला घडला आहे का? सासूबाई बिचाऱ्या तोंड फिरवून उभ्या राहायच्या. आणि भिंगरी, जी चालायला लागल्यापासून पळतच होती, ती मला पाहून जागच्या जागी थांबायची. बोलायला लागल्यावर तिने मला विचारलेला रोजचा प्रश्न होता, “बाबा, पीठ नाही ना?” मी हात पुढे करून दाखवायचो. ती तळवे बघायची, नखं बघायची, आणि मग जवळ यायची.

असं चालू राहिलं. वर्षं गेली म्हणा ना. आकडे दरवर्षी तपासायचे, ते तसेच असायचे, आणि आम्ही अधिकच घट्ट दार लावून घ्यायचो. पोर वाढत होती, पण रोड. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा तिच्या मनगटाचं हाड पाहून माझ्या मेव्हणीला राहवलं नाही. ती याच रुग्णालयात केस पेपर काढायच्या खिडकीवर बसते. तिने आम्हांला जवळजवळ ओढतच बाईंच्या खोलीत आणलं.

ती खोली तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. भिंतीवरचा रंग उडालेला जिराफ, वजनाचा काटा, आणि मुलं बसायच्या त्या लाल स्टुलांपैकी एकावर स्वतः बसलेल्या बाई. मी रिपोर्टांची चळत त्यांच्यापुढे ठेवली. मला वाटलं, आता त्या आकडे बघतील, मान हलवतील आणि आणखी चार पदार्थ बंद करतील. त्यांनी कागद वाचले, सावकाश वाचले, आणि मग ते बाजूला ठेवून भिंगरीच्या आईला विचारलं, “हिने शेवटचा पाव खाल्ला तेव्हा काय झालं होतं?”

भिंगरीची आई गोंधळली. ती म्हणाली, काही नाही झालं. अंड्याचा प्रकार होण्याआधी ही दुधात भिजवलेला पाव रोज खायची.

“मग बंद का केला?”

“आकडा आला म्हणून.”

बाईंनी आम्हांला एका शब्दानेही हिणवलं नाही. मग त्यांनी आम्हांला समजावून सांगितलं, आणि ते मी इथे नव्या पालकांसाठी मुद्दाम सांगतो. रक्तातला आकडा इतकंच सांगतो की शरीराने या पदार्थाविरुद्ध पहारेकरी उभे केले आहेत. आकडा मोठा असेल तर त्रास होण्याची शक्यता जास्त. पण ते पहारेकरी खरोखर हल्ला करतील का, आणि केला तर केवढा, हे तो आकडा सांगू शकत नाही. काही मुलांच्या रक्तात पहारेकरी नुसतेच उभे असतात. अंड्याचं वेगळं, बाई म्हणाल्या, अंड्याने हिला काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. गव्हाचं आणि दुधाचं कुणी पाहिलेलंच नाही.

मी उत्साहाने म्हणालो, मग आज घरी जाऊन पाव देतो. तेव्हा मात्र बाईंचा आवाज चढला. इतकी वर्षं बंद ठेवलेला पदार्थ घरात द्यायचा नाही, दिला तर इथे, माझ्यासमोर, औषधं तयार ठेवून. नव्या पालकांनो, हेही ऐकून ठेवा. माझं भाषण ऐकून कुणी घरी प्रयोग केला तर बाई निवृत्तीतून परत येतील, आणि आधी मला शोधतील.

गव्हाच्या चाचणीच्या दिवशी मी माझ्याच भट्टीतला, दूध-अंडं न घातलेला साधा पाव आणला. सिस्टरनी त्याचे तुकडे केले. पहिला तर इतका लहान, की मुंगीने आरामात नेला असता. पण भिंगरी तोंडच उघडेना. उघडेल कशी? समजायला लागल्यापासून आम्हीच तिला शिकवलं होतं की हे विष आहे. ती आईला चिकटून बाईंना म्हणाली, “मी हे खाल्लं तर मरेन ना?”

मी म्हणणार होतो, छे, असं काही नसतं बाळा. बाई मला थांबवून तिला म्हणाल्या, “मला तसं वाटत नाही. पण तुला त्रास झाला तर तो कसा थांबवायचा ते मला येतं. आणि तू खात असताना मी कुठेही जाणार नाही.”

आणि त्या गेल्या नाहीत. सकाळभर त्या लाल स्टुलावर बसून राहिल्या. बाहेर कुणीतरी मोठे साहेब आले आहेत असा दोनदा निरोप आला, तरी हलल्या नाहीत. ते मोठे साहेब आज व्यासपीठावर असतील तर त्यांनी उदार मनाने क्षमा करावी. भिंगरीने मुंगीचा तुकडा खाल्ला. मग त्याहून मोठा. मधे थांबायचं, अंग तपासायचं, पुन्हा द्यायचं. दुपारपर्यंत तिने अख्खा पाव संपवला आणि विचारलं, अजून आहे का?

त्या संध्याकाळी मी आंघोळ न करता सासुरवाडीला गेलो. बाईंची परवानगी काढून गेलो. दारात उभा राहिलो तर कोपरापर्यंत पीठ. भिंगरी थांबली, सवयीने. तिने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. मग ती हळूहळू जवळ आली, माझ्या हातावरून एक बोट ओढलं, आणि त्या पांढऱ्यातून उमटलेल्या रेघेकडे बघत राहिली. पुढचं मी सांगत नाही. मला भाषण पुरं करायचं आहे.

दुधाची चाचणीही सुखरूप पार पडली आणि मायलेकी घरी आल्या. राहिलं अंडं.

अंड्याचा आकडा आता दरवर्षी थोडा थोडा उतरत होता. शेजारच्या घरांतून मुलांचे मार्क वाढले म्हणून पेढ्यांनी तोंडं गोड व्हायची. आमच्याकडे आकडा कमी झाला की भिंगरीच्या आईचा चेहरा उजळायचा. भिंगरी दुसरी-तिसरीत असताना तो बराच खाली आला. बाई म्हणाल्या, केकमध्ये घालून भट्टीत नीट भाजलेलं अंडं कित्येक मुलांना चालतं, नुसतं उकडलेलं चालत नसलं तरी. आपण करून पाहू. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, केक तुम्हीच करा.

मंडळी, आयुष्यात मी हजारांनी केक भाजले असतील. त्या एका लहानशा केकला मी जितका जपलो तितका कुठल्याही लग्नाच्या केकला जपलो नाही. बाईंनी सांगितलं तितकंच अंडं, सांगितलं तितकंच भाजणं. भिंगरी तो केक बघून टाळ्या पिटत होती. बाबांचा केक पहिल्यांदा खायला मिळणार होता ना.

दोन घास ठीक गेले. तिसऱ्यानंतर तिने मान खाजवली. मग ओठ. मग उलटी, आणि खोकल्याची उबळ थांबेना. बाईंनी कुणाला काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही, मांडीत इंजेक्शन दिलं. सिस्टरनी ऑक्सिजन लावला. सगळं इतक्या झटपट झालं की मी हातात केकची थाळी धरून तसाच उभा होतो. थोड्या वेळात भिंगरीचा श्वास मोकळा झाला. ती रात्रभर वॉर्डात राहिली आणि सकाळी घरी आली.

तेव्हा बाई तिच्या आईला म्हणाल्या, जे झालं ते इथे झालं हे बरं झालं, आता आपल्याला नक्की कळलं. खरं बोलल्या होत्या. पण भिंगरीची आई त्यांना म्हणाली, “तुम्हांला कळलं. माझी तर मुलगी होती ती.” आणि तिने बाईंकडे पाठ केली.

हे मी आज जाहीर सभेत का सांगतो आहे? निरोपाच्या भाषणात गोड गोडच सांगायचं असतं हे चिटणीसाला ठाऊक आहे. पण बाईंचा मोठेपणा मला तिथून पुढे दिसला, म्हणून सांगतो.

त्यानंतर काही दिवसांनी बाई आमच्या बेकरीत आल्या. गिऱ्हाईकांच्या रांगेत उभ्या राहिल्या. मी धावत पुढे आलो, तर म्हणाल्या, माझा नंबर येऊ द्या. नंबर आल्यावर पाव घेतला आणि विचारलं, ताई वर आहेत का? त्या वर गेल्या. मीही मागोमाग गेलो. भिंगरीची आई कपड्यांच्या घड्या करत होती, तिने मान वर केली नाही. बाई समोर बसल्या. आपलं कसं बरोबर होतं, हे पटवायला त्या आल्या नव्हत्या. आकडा उतरला होता म्हणून मलाही आशा वाटली होती, म्हणाल्या, आणि तुमच्याइतकी नसेन, पण मीही त्या दिवशी घाबरले होते. मग म्हणाल्या, “पुढची चाचणी करा, असं मी तुम्हांला कधीही म्हणणार नाही. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तर ते ‘नाही’ शेवटपर्यंत चालेल. फक्त तिला तपासायला आणत राहा.” बाई निघाल्या तेव्हा भिंगरीच्या आईने त्यांना चहा विचारला. आमच्या घरात ही लहान गोष्ट नाही.

दोनेक वर्षं गेली. भिंगरीला शाळेत डब्याच्या वेळी वेगळ्या टेबलावर बसवत असत. काळजीपोटीच. एक दिवस जेवताना ती म्हणाली, मला केकची चाचणी परत करायची आहे. तिच्या आईच्या हातातला घास तसाच राहिला. मी म्हणालो, अगं, केकवाचून काय अडलंय? तर म्हणते, “केक नको मला. शेजारी कुणी केक खाल्ला तर मी किती घाबरायचं, ते मला माहीत हवं.”

आम्ही बाईंकडे गेलो. रक्त तपासलं तर आकडा जवळजवळ होता तिथेच. मागच्या वेळी इतका उतरूनही घात झाला होता, आता तर उतरलाच नव्हता. बाई म्हणाल्या, भिंगरी मोठी झाली आहे, मधल्या काळात एकदाही त्रास नाही, करून पाहण्यासारखं आहे. पण खात्री मी देणार नाही. आणि भिंगरीच्या आईकडे पाहून गप्प राहिल्या. दिलेला शब्द पाळत होत्या.

भिंगरीची आई म्हणाली, “करू. पण ते इंजेक्शन द्यायला आधी मला शिकवा. या वेळी मी नुसती बघत उभी राहणार नाही.”

बाईंनी तिला शिकवलं. मोसंब्यावर टोचून टोचून शिकवलं. चाचणीच्या दिवशी एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला इंजेक्शन जवळ ठेवून भिंगरीची आई, आणि मधे आमची भिंगरी केक खात बसलेली. मी? मी जिराफाकडे बघत होतो. घास गेले. वेळ गेला. मान खाजवली नाही, ओठ सुजले नाहीत. सगळा केक संपला. संध्याकाळ झाली तरी काही झालं नाही. भिंगरीच्या आईने ते इंजेक्शन खाली ठेवलं आणि तेव्हा कुठे ती रडली. बाईंनी तिला जवळ घेतलं. कोण कुणाला धीर देत होतं ते मला सांगता यायचं नाही.

भिंगरी आता कॉलेजला जाईल. केक खाते, बिस्किटं खाते, मैत्रिणींच्यात बसते. उकडलेलं अंडं किंवा आमलेट तिला अजूनही चालत नाही, आकडाही गेलेला नाही, आणि दप्तरात इंजेक्शन असतंच. सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. बाईंनी आम्हांला खोटं बोलायला शिकवलेलं नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. काहींना प्रश्न पडला असेल, बापलेक इथे, मग भिंगरीची आई कुठे? ती वरच्या मजल्यावर आहे. चाचणीच्या दिवशी नव्या आयांजवळ येऊन बसायचं, हे काम तिने आपणहून घेतलं त्याला आता बरेच दिवस झाले. आज एका मुलाची दुधाची चाचणी आहे, निवासी डॉक्टर त्याच्याजवळ आहेत. तारीख या समारंभाच्या आधीपासून ठरलेली होती, आणि सत्कारापायी मुलाची तारीख बदलायला बाईंनी साफ नकार दिला. मघापासून भाषणं चालू असताना…

एक मिनिट. सिस्टर व्यासपीठावर आल्या आहेत.

मंडळी, बसून राहा. मुलाच्या अंगावर गांधी उठल्या आहेत, औषध दिलं आहे, असं सिस्टर सांगताहेत. बाई उठल्या. साहजिक आहे. आपले तरुण डॉक्टरही उठले. ते बाईंना म्हणताहेत… माइक जवळ आहे म्हणून मला ऐकू येतंय… “बाई, तुम्ही बसा. मी जातो.”

डॉक्टर निघाले, सिस्टरही गेल्या. बाई अजून उभ्याच आहेत.

बाई, बसा. डॉक्टर पोचतील आत्ता. आणि वर भिंगरीची आई आहे.

बसल्या. आभारी आहे, बाई.

मला दिलेला वेळ केव्हाच उलटला आहे. अध्यक्षांनी तो उलटू दिला, पाहुण्यांनी आणि तुम्ही सर्वांनी कान देऊन ऐकलंत, त्याबद्दल मी मनापासून आभार मानतो. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, घरच्या गोष्टी चव्हाट्यावर आणताना तोल गेला असेल, तर बेकरीवाल्याचा हात पिठाचा आहे असं समजून सांभाळून घ्या. बाईंसाठी टाळ्या वाजवायच्याच आहेत, पण आत्ता नको. सिस्टर पुन्हा खाली येईपर्यंत आपण सगळे जरा शांत बसून राहू. नमस्कार.